साडेचार वर्षांचा मुलगा, साडेएकवीस किलो वजन: घरात काय बदलायचं?

तुम्ही लिहिलेल्या गोष्टी आधी एकत्र मांडते, म्हणजे पुढचं बोलणं नीट समजेल. मुलगा साडेचार वर्षांचा. उंची १०६ सेंटिमीटर, वजन साडेएकवीस किलो. जन्मतः २.४ किलोचा, त्यामुळे पहिली दोन वर्षं घरातल्या सगळ्यांचा एकच ध्यास, याचं वजन भरलं पाहिजे. आता शाळेच्या तपासणीत 'वजन जास्त' असा शेरा आलाय. तुम्ही दोघं नोकरी करता, दिवसभर तो आजी-आजोबांकडे असतो. दूध तीन वेळा, दर वेळी पेलाभर, पावडर आणि साखर घालून. दुपारचं जेवण आजी भरवते, समोर मोबाईल. रात्रीचं जेवण साडेनऊला, झोप अकराला आणि सकाळी साडेसातची स्कूलबस. तुम्ही चार गोष्टी विचारल्या आहेत: चार किलो उतरवण्यासाठी डाएट चार्ट, कोणता व्यायाम करून घ्यावा, "उंची वाढली की आपोआप झडेल" म्हणणाऱ्या सासूबाईंना काय सांगावं, आणि शेवटी थायरॉईड तपासावा का.

डाएट चार्ट मी देणार नाही. या वयाच्या मुलाचे चार किलो उतरवायचेच नसतात. त्याचं वजन आहे तिथेच थोपवायचं आणि उंचीला पुढे जाऊ द्यायचं, एवढंच काम आहे. आकड्यांत बघा. वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की बीएमआय मिळतो. तुमच्या मुलाचा येतो १९.१. मोठ्या माणसाच्या हिशोबात हा सडपातळपणा झाला, म्हणून पुष्कळ घरांत इथेच गैरसमज होतो. मुलांसाठी वयानुसार वेगळे तक्ते असतात. पाच वर्षांपर्यंत जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे तक्ते वापरतात. त्यात या वयाच्या मुलग्यांचा मधला आकडा १५.३ च्या आसपास आहे, १८.२ च्या वर 'वजन जास्त' आणि २० च्या वर 'स्थूल'. म्हणजे शाळेचा शेरा बरोबर आहे. मूल अजून स्थूल गटात गेलेलं नाही, हेही तितकंच खरं. पाच वर्षं पूर्ण झाल्यावर आपल्याकडे भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५ चे तक्ते लागू होतात आणि तिथल्या रेषा अधिक कडक आहेत. त्यामुळे सहा महिन्यांनी हाच आकडा जास्त गंभीर दिसेल. तेव्हा घाबरून जाऊ नका.

या वयात मूल वर्षाला सहा-सात सेंटिमीटर वाढतं. पुढच्या वर्षी तो साधारण ११२.५ सेंटिमीटर उंच असेल असं धरू. तोवर त्याचं वजन एकच किलो वाढून साडेबावीस झालं, तर बीएमआय १७.८ वर येतो. आत्ताच्या वेगाने साडेतीन किलो वाढलं, तर तो १९.८ होतो. एक किलो आणि साडेतीन किलो, सगळा खेळ या फरकाचा आहे. तो उपाशी ठेवून साधायचा नाही. रोजच्या लहानसहान जास्तीच्या गोष्टी काढल्या की तो साधतो.

आता सासूबाईंच्या म्हणण्याकडे येते, कारण त्यात तथ्य आहे. बाळं पहिल्या वर्षाच्या शेवटी सगळ्यात गुबगुबीत असतात आणि मग पाच-सहा वर्षांपर्यंत हळूहळू सडसडीत होत जातात. त्यानंतर बीएमआय पुन्हा वर चढू लागतो. आज्यांनी हे आपल्या मुलांत आणि नातवंडांत प्रत्यक्ष पाहिलेलं असतं. पण तुमचा मुलगा झडण्याच्याच वयात आहे आणि झडत नाहीये. चढण पाच-सहा वर्षांऐवजी तीन-चार वर्षांतच सुरू झाली, तर ते मूल पुढेही जाड राहण्याची शक्यता बरीच वाढते. हे ताडून बघायला लसीकरणाचं कार्ड काढा. दीड, दोन आणि तीन वर्षांच्या भेटींच्या नोंदी असतील, तर तारीख, वजन, उंची एका कागदावर उतरवा आणि प्रत्येक वेळचा बीएमआय काढा. तो खाली येतोय की वर जातोय, हे त्या चार ओळींत दिसेल. एकट्या आजच्या आकड्यापेक्षा ही दिशा मला महत्त्वाची वाटते.

जन्माच्या कमी वजनाचाही इथे संबंध आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा दीर्घ अभ्यास केला. तिथली नवजात बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी होती, पण कमतरता मुख्यतः स्नायूंची होती. चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. म्हणून आपल्याकडे हडकुळ्या दिसणाऱ्या बाळाचं वजन वाढवताना जपावं लागतं. तूप, साखर आणि पावडरीने भराभर वाढवलेलं वजन बहुतेक चरबीचंच असतं, आणि त्यातून पुढे मधुमेहाचा धोका वाढतो. तुमच्या किंवा नवऱ्याच्या घरी मधुमेह असेल, तर हे जास्तच मनावर घ्या. यात तेव्हा कोणी चूक केली असं समजू नका. अडीच किलोच्या आतल्या बाळाची काळजी सगळे असंच करतात. ती काळजी वेळेवर थांबली नाही, एवढंच.

मग एकट्या मुलावर उपाय का करायचे नाहीत? अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ लिओनार्ड एपस्टाइन यांनी सहा ते बारा वर्षांच्या स्थूल मुलांवर काम केलं आणि दहा वर्षांनी पुन्हा तपासलं. १९९० मध्ये आलेल्या निष्कर्षांत, जिथे मुलासोबत आई किंवा वडिलांनीही स्वतःच्या सवयी बदलल्या होत्या, तिथली मुलं दहा वर्षांनंतरही चांगल्या स्थितीत होती. इस्रायलमध्ये संशोधक मोरिया गोलान यांनी आणखी पुढे जाऊन फक्त पालकांना बोलावलं, मुलांना बोलावलंच नाही. १९९८ च्या त्या अभ्यासात मुलांना थेट समजावण्यापेक्षा हा मार्ग जास्त उपयोगी ठरला. साडेचार वर्षांच्या मुलाच्या बाबतीत तर दुसरा मार्गच नाही. तो किराणा आणत नाही, फ्रीज भरत नाही, जेवणाची वेळ ठरवत नाही. तुमच्या घरात चार मोठी माणसं आहेत आणि चौघांचे नियम चार आहेत. ते जुळवणं हा या प्रश्नाचा गाभा आहे.

मी घरांना एकच नियम देते. काय शिजेल, किती वाजता आणि कुठे बसून खायचं, हे मोठ्यांनी ठरवायचं. त्यातलं काय खायचं आणि किती, हे मुलाने. आपल्याकडे बहुतेक घरांत नेमकं उलटं चालतं. मूल 'नूडल्स हवेत' म्हणून पदार्थ ठरवतं, आणि 'अजून तीन घास' म्हणून किती खायचं ते आई किंवा आजी ठरवते. पुढचं सगळं या नियमाच्या आधारे वाचा. सगळं एकदम सुरू करू नका. साधारण दोन आठवड्यांना एक बदल, तोही मी लिहितेय त्या क्रमाने.

सुरुवात दुधापासून, कारण तिथे भांडण कमी आणि फायदा जास्त. २०० मिली फुल क्रीम दुधात साधारण १७५ कॅलरी असतात. त्यात दोन भरगच्च चमचे पावडर, म्हणजे वीसेक ग्रॅम, घातली की ७५ वाढतात. वर एक चमचा साखर, वीस. एक पेला २७० चा झाला आणि तीन पेले आठशेच्या वर गेले. या वयाच्या मुलाला दिवसभरात साधारण १३५० कॅलरी लागतात. म्हणजे निम्म्याहून जास्त गरज दुधातच भागते, आणि मग "पोळीभाजी खातच नाही" ही तक्रार येते. ती तक्रार आली की पुन्हा पेलाभर दूध दिलं जातं. जास्त दुधाचा आणखी एक तोटा म्हणजे लोह कमी पडतं. जाडसर मुलातही हिमोग्लोबिन कमी निघतं ते बरेचदा यामुळे.

दिवसाला ४०० मिली दूध पुरे, त्यात दहीही मोजा. फुल क्रीमऐवजी टोन्ड घ्या, त्यात तीन टक्के फॅट असतं. तबेल्याचं म्हशीचं दूध येत असेल, तर तापवून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा आणि सकाळी सगळी साय काढून घ्या. दोन वर्षांच्या पुढच्या मुलाला हे चालतं. पावडर एकदम बंद केली तर तो पेला ढकलून देईल, म्हणून दर चार-पाच दिवसांनी अर्धा चमचा कमी करा. साखर त्याच्या आधी बंद करा, पावडरीत ती असतेच. कित्येक पावडरींत शंभर ग्रॅममागे तीस ग्रॅमच्या आसपास साखर असते. केंद्र सरकारने २०२४ मध्ये ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या वर्गातून काढायला सांगितली होती, हे घरात आवर्जून सांगा. डब्यावरचं 'उंची वाढवते' हे वाक्य आजोबांनी वाचलेलं असतं आणि ते त्यांना पटलेलं असतं. शेवटी वेलची किंवा चिमूटभर हळद घातलेलं साधं दूध उरायला हवं. तेही तो नाकारायला लागला, तर दोनशे मिली दूध आणि वाटीभर दही असं करा. झोपतानाचा पेला आधी बंद करा, दातांसाठीही तेच बरं.

दुसरा बदल मोबाईल आणि भरवण्याचा. हा सगळ्यात अवघड आहे, म्हणून याला दोनऐवजी तीन-चार आठवडे द्या.

भरवताना काय होतं ते एकदा शांतपणे बाजूला बसून बघा. मूल पहिले आठ-दहा घास भराभर खातं. मग घास गालात धरून ठेवतं, मान वळवतं, खुर्चीत चुळबुळ करतं. पोट भरल्याचं ते असंच सांगतं. तिथे मोबाईलवर पुढचं गाणं लागतं, तोंड आपोआप उघडतं, आणि मग एक घास चिऊचा, एक काऊचा, एक बाबाचा असं करत वाटीतलं संपतं. भरवणारीला ताट रिकामं झाल्याचं समाधान मिळतं, आणि मुलाची पोट भरल्याची जाणीव रोज थोडी बोथट होते. चिऊकाऊची गंमत वाईट नाही. ती मान वळवण्याच्या आधी चालू दे, नंतर नको.

हे बदलताना आधी फक्त संध्याकाळचं जेवण घ्या, कारण तेव्हा तुमच्यापैकी कोणीतरी घरी असतं. मोबाईल आणि टीव्ही बंद, सगळ्यांचाच. मुलाला सगळ्यांसोबत खाली किंवा टेबलाशी बसवा. पाय लोंबकळत असतील तर खाली स्टूल द्या, नाहीतर ते स्वस्थ बसत नाही. ताट लहान घ्या. दीडशे मिलीची वाटी धरली, तर पहिल्यांदा अर्धी वाटी घट्ट वरण किंवा उसळ, अर्धी वाटी भाजी, एक छोटी पोळी किंवा भाकरीचा चतकोर, भाताची एक लहान मूद, दोन चमचे कोशिंबीर. वरणभातावर चमचाभर तूप चालेल, त्यावरून घरात वाद नको. त्याने स्वतःच्या हाताने खायचं. सांडेल, खाली वर्तमानपत्र घाला. पंचवीस-तीस मिनिटं झाली की ताट उचला. रागावणं नको, 'बघ, काहीच खाल्लं नाहीस' हेही नको. पुन्हा मागितलं तर द्या, पण दहा मिनिटं थांबून. पोट भरल्याची खूण मेंदूपर्यंत पोचायला वेळ लागतो आणि भराभर खाणाऱ्या मुलाला तो मिळतच नाही. दुसऱ्यांदा वाढताना वरण, भाजी, कोशिंबीर आधी पुढे करा.

पहिले तीन ते पाच दिवस तो रडेल, अर्धंच जेवेल, कदाचित न जेवता उठेल. हे धरूनच चला. या वजनाच्या निरोगी मुलाचं एखाद्या अर्धवट जेवणाने काहीही बिघडत नाही. बिघडतं ते पुढच्या तासाभरात, जेव्हा घरातलं एखादं माणूस कळवळून दोन बिस्किटं हातात देतं. रडल्यावर बिस्किट मिळतं, हे मुलाला त्या एका वेळेत कळतं आणि मग पुढचे पंधरा दिवस तुम्ही तेच भोगता. म्हणून बदल सुरू करायच्या आदल्या दिवशी चौघांनी एकत्र बसून एकच वाक्य पाठ करा: "भूक लागली का? आता पाणी पी, खाऊ खाऊच्या वेळीच." संध्याकाळचं जमलं की मग दुपारचं घ्या. आजीने त्याच्या शेजारी स्वतःचं ताट घेऊन बसावं आणि जेवावं. आजी जेवताना दिसली की भरवायचा हात आपोआप मोकळा राहत नाही, आणि मुलाला बघून खाता येतं.

नवी भाजी पहिल्यांदा नाकारली की 'त्याला आवडत नाही' असा शिक्का मारू नका. बऱ्याच मुलांना एखादी चव स्वीकारायला आठ ते पंधरा वेळा ती समोर यावी लागते. बळजबरी नको, ताटात चमचाभर वाढत राहा. "भाजी संपवलीस तर चॉकलेट" हा सौदा मात्र बंद करा. त्याने भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस एवढंच ठसतं.

तिसरा बदल खाऊचा. यात माझा भर मुलाला नाही म्हणण्यावर नाही, वस्तू घरात न आणण्यावर आहे. फडताळात क्रीमची बिस्किटं आहेत आणि ती मागायची नाहीत, अशी परीक्षा लहान मुलाची रोज घेऊ नये. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ लीअन बर्च यांच्या प्रयोगांत दिसलं होतं की डोळ्यांसमोर ठेवून अडवलेल्या पदार्थाचा मुलांना जास्तच ध्यास लागतो. म्हणून महिन्याच्या किराणा यादीतून वेफर्स, क्रीमची बिस्किटं, इन्स्टंट नूडल्स, केचपची मोठी बाटली आणि डबाबंद ज्यूस काढा. दोनशे मिलीच्या ज्यूसच्या खोक्यात साधारण पाच-सहा चमचे साखर असते, तर या वयात दिवसभरात वरून घातलेली साखर चार चमच्यांच्या आत असलेली चांगली. आठवड्यातून एकदा आइस्क्रीम किंवा वडापाव बाहेर जाऊन, सगळ्यांनी मिळून खा. मोठं पाकीट आणून घरी ठेवू नका. दहा मिनिटांत घरपोच आणून देणाऱ्या ॲपवर घरातलं कोण काय मागवतं, तेही एकदा बघा.

खाऊची एकच वेळ ठेवा, पाच वाजता, आणि एकच डबा. त्यात एक फळ असावंच: केळं, पेरू, चिकू, हंगामात बोरं, जांभळं, सीताफळ. सोबत कधी ज्वारीच्या लाह्यांचा चिवडा, कधी छोटा राजगिरा लाडू, उकडलेलं अंडं, उकडलेला मका, मुगाचं धिरडं. इथे एक सावधगिरी. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे, काजू देऊ नका. धावता-हसताना ते श्वासनलिकेत अडकतात. कूट करून द्या. बोराची, जांभळाची बीही काढून द्या. दिवाळीचा फराळ बंद करायचं कारण नाही. डबे उघडे ठेवून येता-जाता खाणं टाळा, न्याहारीच्या वेळी ताटलीत एक चकली, एक लाडू घेऊन बसून खाऊ दे.

शाळेच्या डब्यात छोट्या सुट्टीला फळ, मोठ्या सुट्टीला पोळीभाजी, थालीपीठ, आंबोळी किंवा मटार घातलेले पोहे. जॅमपोळी रोज नको. शाळेत वाढदिवसाला चॉकलेटं वाटली जात असतील, तर पालकसभेत बोला. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार जास्त चरबी, साखर, मीठ असलेले पदार्थ शाळेत आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकायला बंदी आहे. मुख्याध्यापकांशी बोलताना हा आधार घेता येतो.

घरातल्या तेलाचा हिशोब सोपा आहे. तुम्ही पाच जण आहात. महिन्याला तीन लिटर तेल लागलं, तर माणशी दिवसाला वीस मिली होतं आणि ते ठीक आहे. पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल, तर माणशी तेहतीस मिली झालं. एक तारखेला तीन लिटर वेगळं काढून ठेवा आणि ते कोणत्या तारखेला संपतं ते बघा. हा बदल मुलापेक्षा आजी-आजोबांच्या रक्तदाबाला, साखरेला जास्त उपयोगी पडेल, आणि घरात तो त्याच कारणाने मांडा.

आता झोप. पालक हिला वजनाशी जोडत नाहीत, पण तुमच्या प्रश्नातली हीच गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकली. तीन-चार वर्षांच्या मुलाला दुपारची धरून दहा ते तेरा तास झोप लागते. अकराला झोपून पावणेसातला उठणाऱ्याला पावणेआठ तास मिळतात. दुपारचा एक तास धरला तरी नऊ भरत नाहीत. झोप अपुरी झाली की भूक वाढवणारे संप्रेरक वाढतात, मूल चिडचिडं होतं, आणि चिडचिडं मूल शांत करायला आपण खाणं किंवा मोबाईल देतो. मुलाने साडेसातला आजी-आजोबांसोबत आणि तुमच्यापैकी जो घरी असेल त्याच्यासोबत जेवावं. उशिरा येणाऱ्याने साडेनऊला जेवावं, तोवर तो झोपलेला असेल. बाबा उशिरा येतात म्हणून मुलाला जागं ठेवतात, हे मला माहीत आहे, आणि त्यामागचं प्रेम कळतं. त्याऐवजी बाबाने सकाळी बसपर्यंत पायी सोडायला जावं. झोपेची वेळ दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आणत नऊपर्यंत या. दुपारची झोप साडेतीनला संपवा. झोपण्याआधी तासभर स्क्रीन नको. दिवसभराची स्क्रीन एका तासाच्या आत ठेवा, आणि जेवताना अजिबात नको.

व्यायामाचं विचारलंत. या वयात व्यायाम करून घ्यायचा नसतो, जागा आणि सोबत द्यायची असते. दिवसभरात मिळून तीन तास हालचाल, त्यातला निदान एक तास धाप लागेल असा. तीन तास ऐकून दचकू नका, यात जिने चढणं, बाजारात चालणं, घरात नाचणं सगळं धरलं आहे. संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा सोसायटीच्या आवारात लपंडाव, पकडापकडी, डोंगर का पाणी, लंगडी. मोठी मुलं खेळवत नसतील, तर त्यांना सांगून याला लिंबूटिंबू म्हणून घ्या. तो बाद होत नाही, त्यामुळे सगळ्यात जास्त धावतो. पावसाळ्यात घरात फुगा जमिनीवर पडू न देण्याचा खेळ, गाण्यांवर नाच, उशांवरून उड्या. आठवड्यातून दोनदा तासभर नेण्या-आणण्याच्या क्लासपेक्षा हे रोजचं खेळणं जास्त कामाचं. आणि वाण्याकडे स्कूटरने जाऊ नका, त्याला चालत न्या.

सासूबाईंशी बोलायचं ते तुम्ही नको, तुमच्या नवऱ्याने बोलावं. सुनेने सांगितलं की ते आजीच्या करण्यावरचं बोट वाटतं. मुलाने सांगितलं की घरातला निर्णय वाटतो. सुरुवात आभारांनी करा, त्यांनी अडीच किलोच्या आतलं बाळ मोठं केलंय. मग लसीकरणाच्या कार्डावरून केलेला तो कागद दाखवा आणि म्हणा, "झडायला हवं होतं, झडत नाहीये, म्हणून डॉक्टरांनी दूध आणि मोबाईल एवढंच बदलायला सांगितलंय." एका वेळी दोनच गोष्टी मागा. आणि त्यांच्याकडून एक काम काढून घेत असाल, तर दुसरं द्या. पाच वाजताचा खाऊचा डबा आजीचा, त्यात काय असेल ते तिने ठरवायचं, फक्त वर लिहिलेल्या यादीतून. संध्याकाळचं आवार आजोबांचं. डॉक्टरकडे जाताना त्यांनाही सोबत न्या. समोर बसून ऐकलेलं जास्त टिकतं.

मुलासमोर वजनाविषयी कोणीही बोलायचं नाही. 'ढोल्या', 'लाडोबा' बंद, नातेवाइकांनाही सांगा. त्याच्यासाठी वेगळा पदार्थ करायचा नाही. घरात जे शिजेल ते सगळ्यांचं. बाबा समोर बसून वेफर्स खाणार आणि मुलाला काकडी, असं चालणार नाही.

वजन महिन्यातून एकदाच, एकाच काट्यावर, हलक्या कपड्यांत. उंची तीन महिन्यांनी: अनवाणी, टाचा भिंतीला टेकलेल्या, डोक्यावर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक भिंतीला काटकोनात धरून पेन्सिलची खूण. पहिल्या महिन्यात काहीच फरक दिसणार नाही. तीन महिन्यांत वजन पाव किलोच्या आसपासच वाढलं आणि उंची दीडेक सेंटिमीटर वाढली, तर तुम्ही बरोबर चालला आहात.

थायरॉईड तपासावा का, असं शेवटी विचारलंय. मूल उंचीत वयाप्रमाणे वाढत असेल, आणि तुमचा वाढतोय, तर थायरॉईड हे कारण क्वचितच असतं. सरसकट रक्ततपासण्या करून घेऊ नका. पण काही गोष्टी दिसल्या तर वाट न बघता बालरोगतज्ज्ञांना दाखवा: वजन वाढतंय पण उंची थांबलीय, रोज घोरणं किंवा झोपेत श्वास अडखळणं, मानेमागे किंवा काखेत काळपट मखमली पट्टा, बोलणं-चालणं वयाच्या मागे असणं, काहीही केलं तरी न शमणारी भूक, दीर्घकाळ स्टेरॉइडची औषधं चालू असणं. यातलं काही नसलं आणि सहा महिने चौघांनी मनापासून करूनही बीएमआय वरच जात असेल, तरीही जा. जाताना लसीकरणाचं कार्ड, महिन्यांच्या नोंदींचा कागद आणि तीन दिवसांचं खाणं लिहून न्या: दोन शाळेचे दिवस, एक रविवार, दुधासकट आणि कोणी हातावर ठेवलेल्या बिस्किटासकट.